खाडीवरची रिंग

आमच्या दुकानात दिवसभर दोन बायकांची नावं निघायची, थोरली आणि धाकटी. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी घरच्या जावाजावांचं भांडण चाललंय. प्रत्यक्षात त्या दोन मोबाइल कंपन्या. आधी आली ती थोरली, मागून कमी भाडं घेऊन आली ती धाकटी. टेंभी नाक्याजवळच्या त्या चिंचोळ्या दुकानात मी नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं काढली, आणि माझं काम एकच होतं. थोरलीला कंटाळलेलं माणूस धाकटीच्या घरात नीट नेऊन बसवायचं. दुकानाचे मालक मनसुखभाई धाकटीचे एजंट होते. ते मला 'वसुधाबेन' म्हणायचे आणि रोज संध्याकाळी विचारायचे, "आज किती आणले?" जसं काही मी बाजारात नारळ आणायला गेले होते.

हे काम आजच्या मुलांना समजावून सांगणं कठीण. माझी भाची म्हणते, "मावशी, काहीही हं." पण खरंच तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे. करणाऱ्याला पडायचे आणि ऐकणाऱ्यालाही पडायचे. त्यामुळे खिशात फोन वाजला की माणूस आधी त्याच्याकडे बघत बसायचा, उचलावा की जाऊ द्यावा. शिवाय कंपनी बदलली की नंबर गेला. नवीन कार्ड, नवीन नंबर, आणि मग सगळ्या नातेवाइकांना नव्याने कळवत बसा. एक वकीलसाहेब होते, त्यांनी आपला नंबर ऑफिसच्या पाटीवर, छत्रीवर आणि स्कूटरच्या मडगार्डवर रंगवून घेतला होता. ते दर शनिवारी येऊन विचारायचे, "नंबर सोबत न्यायचं काही निघालं का हो?" मी म्हणायचे, "नाही साहेब, अजून नाही." मग ते उदास होऊन चहा पिऊन जायचे. थोरलीला शिव्या घालत तिच्याचकडे नांदले बिचारे.

डोंबिवलीचे एक प्राध्यापक होते. त्यांना रेंज फक्त सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर मिळायची. त्यांनी टाकीवर चढून मला फोन लावला आणि विचारलं, "बाई, तुमच्या कंपनीची रेंज निदान जमिनीवर मिळेल का?" मी बेधडक हो म्हटलं. मला काही माहीत नव्हतं. विकायला बसलं की माणूस असं हो म्हणायला शिकतं, आणि मी ते जरा लवकरच शिकले. आज ते सांगताना बरं वाटत नाही, पण ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याच्यासाठी हे आधी सांगायला हवं.

त्याआधीची अकरा वर्षं मी माजिवड्याच्या पुढे एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. बाहेरून एक फोन यायचा, तो मी बोर्डावरून आत कुणाच्या तरी टेबलावर जोडून द्यायचे, आणि आतल्या साहेबांना बाहेरगावचे फोन लावून द्यायचे. दुपारी जेवणानंतर सगळा कारखाना पेंगायचा, पंखा फिरायचा, आणि माझ्या कानात कुठल्या तरी लांबच्या गावाची रिंग वाजत राहायची. ती ऐकताना मी तिथे पोचलेलीच असायचे. ते घर, तो फोन ठेवलेला कोपरा, फोनवर घातलेला विणलेला रुमाल, हात पुसत येणारी बाई, सगळं दिसायचं. मग कुणी तरी "हॅलो" म्हणायचं आणि मी परत माजिवड्याला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या रिंगा ऐकत बसले, पण त्या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. आपल्या कानात वाजते ती रिंग आणि समोरच्या घरात वाजते ती रिंग, या एक नव्हेत. आपल्या कानात एक्स्चेंज वाजवतं, तिकडची घंटा तिकडचं एक्स्चेंज वाजवतं. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर चालतात, पण कधी आपल्या कानात तीन वाजतात तेव्हा तिकडे दोनच झालेल्या असतात. नवीन मुलगी बोर्डावर आली की मी तिला पहिल्याच दिवशी हे सांगायचे, "चार ऐकल्यास म्हणून चार वाजल्या असं धरू नकोस गं, अजून थांब."

कारखाना बंद पडला. मी मनसुखभाईंच्या दुकानात आले. ते शिकलेलं सगळं माझ्यापाशीच होतं, कुठे गेलं नव्हतं.

हिराजीकाका आले ते एका रणरणत्या दुपारी. चेंदणी कोळीवाड्यातले. आयुष्यभर एका कंपनीत फिटरचं काम केलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मग वडिलांची छोटी होडी पुन्हा पाण्यात घातली. घरात टेलिफोन मिळावा म्हणून त्यांनी कधी काळी अर्ज केला होता, तो अजून नंबरात होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला सुतळी, आणि सुतळी गळ्यात. त्यांनी पिशवी सोडून फोन माझ्यासमोर ठेवला, शेजारी थोरलीचं बिल ठेवलं आणि म्हणाले, "ताई, मना यातून काढा. भाडा लय होते."

मी बिल वाचलं. भाडं तेवढं होतं. बोलल्याचं एक मिनिट नव्हतं. ना केलेला फोन, ना आलेला. मी मागची दोन बिलं मागितली, तीही तशीच.

"काका, तुम्ही हा वापरतच नाही?"

"वापरतू ना. रोज चारला वापरतू."

"मग उचलत का नाही?"

"उचलून काय कराचा? ती बोलत नाय."

मला वाटलं कुणाशी तरी अबोला आहे. तसं विचारलं तर ते हसले. म्हणाले, "नाय गो. माझी पोरगी. भारती. सहा वरसांची व्हती, गल्याचा मोठा आजार झाला, ऑपरेशन केला. जीव वाचला, आवाज गेला. ऐकू सगला येते, तुमच्याआमच्यापेक्षा जास्ती. बोलता तेवढा येत नाय."

भारतीचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सासर मोठागावला, डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्याच काठी. नवरा रेतीच्या बार्जवर कामाला, आठवडा आठवडा बाहेर. घराशेजारी एक पीसीओ होता. बापलेकीनं आपापसात ठरवलं होतं, रोज चारला भारतीनं बूथवरून फोन लावायचा आणि रिंग मोजून ठेवून द्यायचा. एक रिंग म्हणजे बरी आहे. दोन म्हणजे बाबा, मला न्यायला या. तीन म्हणजे असाल तसे निघा. फोन उचललाच नाही म्हणजे बूथवाल्याचा मीटर फिरत नाही, तो शेजारधर्म म्हणून चालवून घ्यायचा. इकडे काकांनाही काही पडत नाही. चारच्या सुमाराला ते होडी खाडीत थांबवायचे, वल्ही आत घ्यायचे, पिशवी कानाशी धरायचे. खाडीत रेंज मात्र छान असायची. एक वाजली की पुन्हा वल्ही पाण्यात.

मला ते ऐकताना कारखान्यातला माझा बोर्ड आठवला. मी अकरा वर्षं ज्या रिंगा नुसत्या ऐकल्या, त्या या दोघांनी बोलायला घेतल्या होत्या. मी म्हटलं, "काका, भारीच डोकं चालवलंत." ते लाजले. म्हणाले, "माझा नाय, तिचा डोका."

आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून काकांनी भाडं वाचवायचं ठरवलं होतं. घरात बाईमाणूस नाही, तेव्हा शेजारची मोठी वहिनी येऊन राहणार होती, खोली रंगवायची होती, पाळणा आणायचा होता. सासूचं म्हणणं, विहीणच नाही तर पोर तिकडे कशाला पाठवायची. तरी काका जाऊन बोलले, आणि सासू म्हणाली, बघू, सातवा सरू दे. आमच्याकडे काय किंवा त्यांच्याकडे काय, लेक पहिल्या बाळंतपणाला आपली आपण उठून माहेरी जात नाही. बापानं किंवा भावानं न्यायला यावं लागतं. भारतीला भाऊ नव्हता. तेव्हा ठरलं असं, की सासू हो म्हणाली की दोन रिंगा, आणि बाबा टॅक्सी घेऊन हजर.

सगळं सांगून झाल्यावर काकांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, नव्या कंपनीत रिंग तशीच येल ना? एकाची एक, दोनाची दोन?"

त्या आठवड्यात माझ्याकडे फक्त चार फॉर्म झाले होते आणि मनसुखभाई माझ्याकडे बघून सुस्कारे टाकत होते. मी म्हटलं, "काका, रिंग म्हणजे रिंग. थोरलीची वेगळी आणि धाकटीची वेगळी असते का?"

खात्री म्हणून मी त्यांच्या फोनात नवीन कार्ड घालून दुकानातल्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. तीन रिंगा ऐकल्या. काकांनी तीन मोजल्या, बोटं वर केली. त्यांचा चेहरा खुलला. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, रेशनकार्डाची झेरॉक्स लावली. मी ठाण्यातून ठाण्यात फोन लावला होता. भारती लावणार होती डोंबिवलीहून, दुसऱ्या एक्स्चेंजमधून, एसटीडीने. हे माझ्या लक्षात आलं नाही असं मला आज म्हणता येत नाही. ते कुठे तरी मनात येऊन गेलं, आणि मी ते जाऊ दिलं.

पुढचं मला नंतर दोन्ही बाजूंनी कळलं.

काका त्याच दिवशी नवीन नंबराची चिठ्ठी घेऊन मोठागावला गेले आणि भारतीच्या हातात देऊन आले. दुसऱ्याच दिवशी सासूचं मन वळलं. ती म्हणाली, जा बाई, बापाला हौस आहे तर जा. भारती चार वाजता बूथवर गेली, चिठ्ठी बघून नंबर फिरवला, दोन रिंगा ऐकल्या आणि फोन ठेवला. घरी येऊन तिनं पिशवी भरली. बाळाची दुपटी, तिच्या आईची एक जुनी मऊ साडी, दोन झबली. आणि पिशवी दाराशी ठेवून बसली.

चेंदणीच्या खाडीत काकांच्या पिशवीत एक रिंग वाजली. बरी आहे, पण सासू अजून हो म्हणत नाही. त्यांनी वल्ही पाण्यात घातली.

असे नऊ दिवस गेले. रोज चारला ती दोन द्यायची आणि रोज यांना एक मिळायची. काकांनी तेवढ्यात खोलीला निळा रंग दिला. पाळणा आणला, त्याला नवी दोरी लावली. मोठ्या वहिनीनं डिंक आणून ठेवला. ते रोज होडीतून वर खाडीच्या वळणाकडे बघायचे, तिकडे लांब पुढे तिचं गाव, आणि मनात म्हणायचे, उद्या दोन येतील. तीच भरती ओहोटी तिच्याही दारापुढून जात येत होती, आणि तीही म्हणायची, उद्या येतील. दोघंही एकमेकांची वाट बघत बसली, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण आपलं काम चोख केलंय. तो निळ्या रंगाचा वास आणि ती दाराशी ठेवलेली पिशवी माझ्या स्वप्नात कित्येक वर्षं येत होती. स्वप्नात मी नेहमी बोर्डावर असते आणि मला त्यांची लाइन जोडता येत नाही.

चौथ्यापाचव्या दिवशी सासू बोलली, "न्यायचाच नसल त्याला. मोकला झाला बापूस." भारतीनं पिशवीतली दुपटी काढून पुन्हा कपाटात ठेवली. तरी चारला बूथवर जायचं तिनं सोडलं नाही. बूथवाला म्हणाला, "अगं, मी बोलून बघू का?" तिनं मान हलवली. बाबा फोन उचलत नाहीत हे तिला माहीत होतं, आणि बापाला निरोप पाठवून 'मला न्या' म्हणून गयावया करायची तिची तयारी नव्हती. मानी पोर.

दहाव्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या, आठव्यातच. रिक्षा आली. ती रिक्षात बसण्याआधी बूथवर गेली, बूथवाल्यानंच नंबर फिरवून रिसीव्हर तिच्या कानाला लावला. तिनं तीन रिंगा ऐकल्या आणि ठेवला.

काकांना दोन आल्या.

ते इतके आनंदले की होडी तशीच काठाला लावून घरी पळाले. न्यायला या म्हणजे काही आग लागलेली नसते. रीतीनं जायचं, रिकाम्या हातानं नाही. त्यांनी तिच्यासाठी साडी घेतली, सासूसाठी खण घेतला, कोळंबी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, नवा शर्ट घालून टॅक्सीनं मोठागावला गेले. घराला कुलूप होतं. बूथवाल्यानं सांगितलं, काल दुपारीच हॉस्पिटलात नेलं.

मुलगी झाली होती. इवलीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली, पण डॉक्टर म्हणाले जगेल. भारती खाटेवर होती. काका जवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले, तर तिनं तोंड भिंतीकडे केलं. ती लिहून बोलायची ती पाटी त्यांनी पुढे धरली, तिनं घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. काका सकाळी जायचे, बाकावर बसायचे, पेटीतल्या नातीला काचेतून बघायचे आणि यायचे.

पाचव्या दिवशी ते दुकानात आले. मी म्हटलं, "या काका, झालात का आजोबा?" त्यांनी फोन गळ्यातून काढून काउंटरवर ठेवला. जे झालं ते सगळं सांगितलं, शांतपणे, एका सुरात. आणि मग विचारलं, "ताई, तो बूथवाला बोलतो, पोरगीनं रोज दोन दिल्या. मना रोज एक आली. मी म्हातारा झालू, माझा मोजायला चुकला का?"

उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, मनसुखभाईंना म्हटलं, "काकांचा हा फोन वाजला की उचलू नका, उचलू देऊ नका, नुसत्या रिंगा मोजा," आणि रिक्षा करून स्टेशन गाठलं. डोंबिवलीला उतरून पश्चिमेला गेले. हॉस्पिटलच्या दारातच एक पीसीओ होता. तिथून काकांचा नंबर लावला. दोन रिंगा ऐकल्या, ठेवला. दुकानाच्या फोनवर मनसुखभाईंना विचारलं. ते म्हणाले, "एक." पुन्हा लावला. तीन ऐकल्या, त्यांनी दोन मोजल्या. चार ऐकल्या, तीन. मी बूथमध्ये तशीच उभी राहिले. नवीन मुलींना पहिल्या दिवशी सांगायचे ती गोष्ट. या माणसानं मला हात जोडून विचारली होती, आणि मी एका फॉर्मसाठी 'रिंग म्हणजे रिंग' म्हटलं होतं.

मी वर गेले. भारतीला मी पहिल्यांदाच बघत होते. बापासारखंच कपाळ, तशीच हनुवटी. मी खाटेशी बसले आणि माझं नाव, माझं काम, सगळं सांगितलं. "तुझ्या बाबांनी काही चुकवलं नाही. त्यांना रोज एकच रिंग जात होती. ते रोज तुझी वाट बघत होते, खोली रंगवून बसलेत. तुझ्या तीन रिंगा त्यांना दोन ऐकू आल्या, म्हणून साडी घेऊन आले. चूक माझी आहे. मला हे माहीत होतं, तरी मी त्यांना सांगितलं नाही."

मला वाटलं, आता ही माझ्या तोंडावर पाटी फेकणार, आणि फेकली असती तर बरंच झालं असतं. पण तिनं उशीखालून पेन्सिल काढली, पाटीवर सावकाश लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. सातवी शिकलेलं, गोल गोल अक्षर.

'मला ऐकू येतं. बाबा एकदाही बोलले नाहीत.'

मी ते दोनदा वाचलं. दीड वर्ष ती रोज चारला फोन लावत होती. तिला बोलता येत नाही म्हणून उचलायचं कशाला, असं बापानं धरलं. मीही धरलं. डोकं चालवलंत म्हणून कौतुक केलं. अकरा वर्षं लोकांना आवाज जोडून देणारी आणि वर दोन वर्षं बोलण्याची मिनिटं विकणारी बाई मी, आणि त्या भरदुपारी काकांनी 'ऐकू सगला येते' म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात भाड्यापलीकडे काही आलं नाही. तिला एक मिनिट बापाचा आवाज हवा असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. भाडं वाचवलं, मिनिटं वाचवली, रिंगा मोजल्या.

मी म्हटलं, "चल, येतेस खाली?"

सिस्टरची परवानगी काढली. ती माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरली. बूथमध्ये स्टुलावर बसली. मी नंबर लावायला हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला केला आणि स्वतः फिरवला. रिसीव्हर कानाला धरला. मी शेजारी इतकी जवळ होते की मला रिंग ऐकू येत होती.

एक. दोन. तीन. मी तिच्या हाताकडे बघत होते. तो आता खाली येईल असं मला वाटलं, पण आला नाही. चार वाजली. पाच वाजली. त्या दोघांच्या ठरलेल्या खुणांत चारला काही अर्थच नव्हता, पाचला तर नाहीच. ती वाजवत राहिली. सहा. सात. तिकडे दुकानात, मनसुखभाईंनी नंतर सांगितलं, काका फोन हातात धरून मोजत होते, आणि तीनच्या पुढे गेल्यावर खुर्चीवरून उठलेच. मनसुखभाईंना मी उचलू देऊ नका सांगितलं होतं, म्हणून ते हात धरायला गेले. काकांनी त्यांचा हात झटकला, आणि कुठलं बटण दाबायचं ते त्यांना माहीत नव्हतं म्हणून सगळीच दाबली.

आधी नुसती खरखर आली. मग फार लांबून, खाडीच्या पलीकडून लेकीला हाक मारावी तसा आवाज आला.

"बाय?"

भारतीनं डोळे मिटले. बूथच्या भिंतीवरच्या मीटरचे लाल आकडे फिरायला लागले.

"बाय, मी हाय. बाबा हाय. आयकतंस ना?"

आणि मग एकदम सुरुवात झाली. ते म्हणाले, खोली निळी केली. तुला निळा आवडतो म्हणून. पाळणा आणलाय, त्याला दोरी जाड लावली. आज खाडीत चिवणी मिळाली, चार. वहिनी बोलते, पोरीचं नाव काय ठेवाचा. मी बोललो, तिची आई सांगल. रंगाचा वास अजून जात नाय, खिडकी उघडी ठेवली हाय.

मी बूथमधून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं, ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, हो, हो. तिकडे त्यांना ते दिसत नव्हतं, तरी ते बोलत होते.